सबस्टेशनला पत्ताच नाही

फिजिओथेरपीच्या खोलीत किस्से साठतात, कारण तिथं कुणालाच घाई नसते. ऑपरेशनचा पेशंट चार दिवसांत घरी जातो. आमचा महिनोन् महिने राहतो, आणि सोबत अख्खा गोतावळा आणतो! नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नारायणगावच्या एका छोट्या हॉस्पिटलात होते. तिथलं बरंच काही विसरले. येडगावचा वायरमन विलास आणि त्याची मंडळी मात्र डोक्यातून जात नाहीत.

विलास पोलवरून पाठीवर पडला होता. मणका मोडला, कमरेखाली ना हालचाल ना संवेदना. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "मॅडम, एवढंच सांगा. मी परत पोलवर चढंन ना?"

मी म्हणाले, "बघू." आमच्या धंद्यात क्रेप बँडेजपेक्षा 'बघू' जास्त खपतं.

*

त्याचा जोडीदार नामदेव, जुना लाईनमन. त्यानं एक्स-रे ट्यूबलाईटसमोर धरला. "फॉल्ट कुठंय?"

मी त्याच्याच भाषेत सांगितलं. मेंदू म्हणजे सबस्टेशन. पाठीच्या कण्यातून मेन लाईन खाली येते, तिथून प्रत्येक स्नायूला वायर जाते. हुकूम खाली जातो. टोचलं, भाजलं, ही खबर त्याच वाटेनं वर येते. विलासची मेन लाईन मधेच तुटलीय.

"मंग जॉइंट मारा की!"

"या लाईनला जॉइंट बसत नाही, नामदेवभाऊ."

"आमी भर पावसात जॉइंट मारतो, मॅडम. अन् तुमी एवढं शिकून..."

मला रागच आला. त्याचा नाही, माझ्या शिक्षणाचा.

*

थंडीत पाय गार पडले म्हणून विलासच्या बायकोनं, सिंधूनं, गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली. तासाभरानं चादर काढली तर टाचेला हा मोठा फोड! विलास तोवर आरामात पेपर वाचत होता.

सिंधू रडायला लागली, तर हा म्हणतो, "भाजलं मला, अन् रडती तू!"

*

मग उलटंच सुरू झालं. पिन टोचली तरी कळायचं नाही, पण पायाच्या अंगठ्याची आग आग व्हायची! सिंधू फुंकर घालायची, ओलं फडकं ठेवायची. काही उपयोग नाही.

"अंगठ्याला काही झालेलं नाही," मी सांगितलं. "खालून खबर येणं बंद झालं की मेंदू कधी कधी स्वतःच खबर तयार करतो."

नामदेवनं मान डोलावली. "खोटी कंप्लेंट. आमच्याकडं रोज येत्यात!"

*

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली आणि पाय टणकन उडाला!

नामदेव जो सुटला तो थेट स्टँडवर. अर्धा किलो पेढे आणून त्यानं अख्ख्या वॉर्डात वाटले. मी पोचले तेव्हा सिंधू चक्क हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि आता ते हसू मलाच मोडायचं होतं.

मी सांगितलं, की हातोडीची खबर कण्यापर्यंत जाते आणि तिथूनच परस्पर हुकूम सुटतो. मेंदूला कुणी विचारतच नाही.

सगळ्यात आधी विलासला समजलं. "म्हंजी गावातल्या डीपीपासून घरापत्तूर लाईन चालू हाय. सबस्टेशनला पत्ताच न्हाई."

नामदेवच्या तोंडात पेढा होता. तो त्यानं कसाबसा गिळला.

*

दुसऱ्या दिवशी सिंधूनं मला व्हरांड्यात गाठलं. "ताई, पाय न्हाई यायचं परत, कळलंय मला. पर त्यांना नका सांगू. खचत्याल."

मी कबूल केलं.

दुपारी व्यायाम देताना विलास हळूच म्हणाला, "मॅडम, माझं मला समजलंय. सिंधूला बोलू नका. तिला आशा हाय."

तेही कबूल केलं. दुसरं काय करणार?

घरी सोडायच्या दिवशी मी कमरेपासून तळपायापर्यंत पुन्हा पिन टोचून बघितली. कुठंच काही नाही. कागदावर तसं लिहून बाहेर पडले, तर पेन कॉटवरच राहिलं होतं, म्हणून परत फिरले.

विलास डोळे मिटून पडला होता. सिंधू त्याचे तळपाय दाबत होती. दाबता दाबता ती थांबली, हात काढून घेतले आणि पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत बसली. बराच वेळ.

"हळू गं," विलास म्हणाला, "दुखतंय."

सिंधू तशीच बसून म्हणाली, "बरं. हळू दाबते."