आण्णांना पडलेलं नाव

नववीच्या वर्गात मी फळ्यावर त्या जर्मन हुकूमशहाचं नाव लिहिलं आणि अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. मी खडू हातात धरून मागं वळले. लाखो ज्यू माणसांना ज्यानं मारून टाकलं त्याचं नाव वाचून हसतात कशाला ही कार्टी, माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि अगदी कौतुकानं म्हणाली, "मॅडम, हे तर तुमच्या आण्णांचं नाव हाय."

आता काय बोलणार, कपाळ. पोरगी खरंच बोलत होती. इंदापूर तालुक्याच्या आमच्या भागात ते नाव घेतलं तर निम्म्या लोकांना जर्मनी आठवत नाही, माझे वडील आठवतात.

मी बारामतीत राहते आणि शेळगावच्या बाजूला एका शाळेत इंग्रजी शिकवते. रोज स्कूटीवरून जाऊन येऊन. आण्णा, म्हणजे माझे वडील, जवळच्याच एका गावात गणिताचे शिक्षक होते आणि तिथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. गावाचं नाव राहू दे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांचे बाप त्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झालेत. आणि आपल्याकडं कसं असतं, माणूस कडक असला की त्याला ते नाव चिकटतंच. कडक सासरा, कडक वॉर्डन, कडक कंडक्टर, सगळ्यांना एकच नाव. त्यात भीती असते, आणि खरं सांगायचं तर थोडं प्रेमही असतं. आमच्या घरात आईसुद्धा चिडली की आण्णांना त्याच नावानं बोलायची. नातवंडांच्या मोबाईलमध्ये आजोबांचा नंबर त्याच नावानं आहे. आण्णांना ते आवडायचं. तो माणूस म्हणजे कडक शिस्तीचा, देशाला वळण लावणारा, पुढं लढाईत हरला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. शाळेत इतिहास शिकताना त्यांनी तह, युद्ध आणि हार एवढंच पाठ केलं होतं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल.

अवांतर वाचनासाठी म्हणून मी त्या वर्षी चार पानं निवडली होती. लहानपणी त्या कत्तलीतून वाचलेल्या एका ज्यू बाईनं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी. सोप्या इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत. बारामतीच्या स्टँडजवळ झेरॉक्स काढून आणल्या. स्टाफरूममध्ये एकानं विचारलंच, परीक्षेला येणार नाही ते कशाला शिकवायचं, आणि आपल्याकडं काय कमी झालंय म्हणून तिकडचं उकरून काढायचं. मी म्हटलं, आपलंही काढणार आहे, काळजी करू नका, तेव्हा वर्गात येऊन बसा. त्यानंतर त्यांनी चहात लक्ष घातलं.

वर्गात मात्र मला घाम फुटला. छळछावणी म्हणजे काय, हे सांगण्यातच पहिला तास गेला. आमच्या पोरांना छावणी म्हटलं की दुष्काळातली जनावरांची छावणी डोळ्यांपुढं येते. सरकारी चारा, टँकरचं पाणी, गोठ्याशेजारी खाट टाकून झोपलेले आजोबा. त्यामुळं माणसांना छावणीत नेलं म्हटल्यावर त्यांना वाटलं, चला, सोय तरी झाली. एकानं विचारलं, तितं जेवाण किती वेळा द्यायचे? जगवायला नेत नव्हते, संपवायला नेत होते, हे नववीतल्या पोरांना कुठल्या शब्दांत सांगायचं? सांगितलं. इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतच सांगितलं. मला त्यांची दया आली, पण थांबले नाही.

दुसऱ्या तासाला आम्ही शाळेचा प्रसंग वाचला. त्या बाईचे लहानपणीचे एक आवडते मास्तर होते. शांत, प्रेमळ, कधी हात न उगारणारे. एक दिवस सकाळी त्यांनी हजेरी घेतली आणि तिचं नाव गाळलं. तिच्या आधीच्या मुलीचं नाव घेतलं, मग नंतरच्या मुलाचं घेतलं, आणि पुढं धडा सुरू केला. ती तशीच बसून राहिली. घंटा झाल्यावर दप्तर घेऊन घरी गेली, ती परत शाळेत गेली नाही.

आमच्या पोरांना हे पटेना. मास्तर मोजायचं त्यांचं माप एकच, मारतो का नाही. त्यांनी मला विचारलं की त्यानं मारलं नाही, ओरडला नाही, मग त्याचं चुकलं कुठं? मी म्हटलं, उद्या मी हजेरी घेताना तुझं नाव घेतलं नाही तर? तो पोरगा म्हणाला, मी सांगेन की राहिलं म्हणून. मी म्हटलं, आणि मी ऐकूनच घेतलं नाही तर? तो उभाच राहिला. खाली बसायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

तास सुटल्यावर पहिल्या दिवशी कौतुकानं बोललेली ती मुलगी माझ्यामागं आली. आण्णांचे माजी विद्यार्थी मिळून त्यांचा सत्कार करणार होते, आणि तिचे वडील त्यात पुढं होते. स्टेजएवढा फ्लेक्स होणार, त्यावर आण्णांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ते नाव. पोरीचा चेहरा उतरला होता. पप्पांना नको म्हणून सांगू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तू राहू दे, मी बघते.

बघते म्हणणं सोपं होतं. आण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. त्या सत्कारासाठी त्यांनी बारामतीला येऊन नवा शर्ट शिवून घेतला होता, आणि रोज एकदा तरी तो कपाटातून काढून बघायचे. आई मला फोनवर म्हणाली, गप बस, मान हाय त्यांचा, चार दिवस मिरवू दे की. पण पोरांना शिकवायचं आणि बापाला अंधारात ठेवायचं, हे माझ्यानं होईना. रविवारी मी कळसला, आई-आण्णांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं.

आण्णा भडकले. तुझ्या चार कागदांपायी मी माझं नाव टाकू का, म्हणाले. मीही त्यांचीच लेक, आवाज चढवला. आई मध्ये पडली. मग आण्णा एकदम शांत झाले आणि जे कधी बोलले नव्हते ते बोलले.

आमच्या घरानं छप्पन्न सालानंतर बुद्ध धम्म घेतला. आण्णा शिकले, नोकरीला लागले. त्या गावात बाकीच्या शिक्षकांना सगळे सर म्हणायचे, गुरुजी म्हणायचे. आण्णांना नुसतं नावानं, तेही अर्धं तोडून. पोरांचे बाप वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे आणि 'ए' म्हणून हाक मारून सांगायचे, पोराला सोड, उसाला पाणी द्यायचंय. मुख्याध्यापक झाल्यावरही तेच. मग आण्णांनी छडी उचलली. पोरगं शाळेत आलं नाही की लूना काढायची आणि थेट उसाच्या फडातून त्याला गाडीवर घालून आणायचं, बापाच्या डोळ्यांदेखत. पाटलाचं असो नाही तर ऊसतोड टोळीतलं असो. कुणीतरी चिडून ते नाव ठेवलं, आणि ते गावभर झालं.

"ते नाव पडलं आणि माझं 'ए' गेलं," आण्णा म्हणाले. "भिऊन का हुईना, त्या गावानं मला मान दिला. तो परत कर म्हणतीस?"

मला भयंकर चीड आली. त्या गावाची चीड, त्या जर्मन माणसाची चीड, आणि उगाच शहाणपणा करायला आलेल्या स्वतःची तर सगळ्यात जास्त. ती चार पानं त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली आणि चहा न पिताच निघाले. आई मागून बडबडत राहिली.

पुढं काही दिवसांनी आण्णांचा फोन आला. शब्दकोश घेऊन पानं वाचली होती. छावणीबद्दल, माणसं कोंबून नेणाऱ्या आगगाड्यांबद्दल, उपासमारीबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. त्यांना फक्त त्या मास्तरबद्दल विचारायचं होतं. नाव गाळलं आणि पुढं शिकवत बसला? मी म्हटलं, हो. नंतर कधी तिच्या घरी गेला का? पानांत तरी तसं काही नाही, मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

सत्काराचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या मुलीच्या वडिलांना तेवढं मी भेटले. माणूस चांगला, खुर्ची दिली, चहा दिला. पण फ्लेक्स छापून झालाय म्हणाले, आणि ते नाव काढलं तर लोक म्हणतील, हे कोण बुवा?

सत्कार मंगल कार्यालयात होता. फ्लेक्सवर आण्णांना असं गोरं केलं होतं की आईनं ओळखलंच नाही. खाली ते नाव, लालभडक. हॉल गच्च भरला होता. एक जण सोमेश्वरनगरच्या कारखान्यावर नोकरीला, एकाचे ट्रॅक्टर, एक बँकेत, एक डॉक्टर. एकेक जण माइकवर येऊन आण्णांनी कसं बडवलं ते रंगवून सांगत होता, ते नाव घेत होता, आणि हॉल हसून लोळत होता. डोक्याला फेटा, गळ्यात हार, आणि आण्णा हसत नव्हते.

मग ते बोलायला उठले. आधी सगळ्यांचे आभार मानले. नंतर त्या मुलीची आणि मास्तरची गोष्ट सांगितली, फळ्यावर गणित सोडवावं तशी, एकेक पायरी करत. विनोद असणार म्हणून मागचे काही जण मध्येच हसले आणि गप्प झाले. गोष्ट संपल्यावर आण्णांनी सभेतली भाषा सोडली.

"ज्याचं नाव तुमी मला दिलंय, त्याच्या राज्यात त्या पोरीचं नाव गाळलं," ते म्हणाले. "मी तुमाला मारलं आसंल. लई मारलं. पर माझ्या शाळेत कुणाचं नाव मी गाळलं न्हाय. ते नाव मला नको. मला माझं नाव हाय, आईनं ठेवलेलं. त्या नावानं हाक मारा."

त्यांनी काय केलंय ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्या नावानं 'ए' गेलं होतं ते नाव त्यांनी भर सभेत उतरवून ठेवलं होतं. आता गाव त्यांना काय म्हणणार, हे त्यांनी गावावरच सोडलं होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या पोरानं माइक घेतला. "आदरणीय," म्हणाला आणि अडकला. त्याला एक तर ते नाव माहीत होतं, नाही तर घरात आजोबांच्या तोंडून ऐकलेलं अर्धं तोडलेलं. दोन्ही घेता येईनात. त्यानं घसा खाकरला आणि समोर बसलेल्यांकडं बघितलं. समोरचेही एकमेकांकडं बघत होते.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. आण्णांपेक्षा वयानं थोडे मोठे. त्यांचे दोन्ही मुलगे आण्णांच्या शाळेतून गेलेले. आईनं माझा हात गच्च धरला आणि कानात म्हणाली, दारात उभं राहून हाक मारायचा त्यातला हा एक. मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

त्यांनी माइक मागितला नाही. स्टेजकडं बघून आण्णांचं नाव घेतलं. अख्खं, न तोडता. आणि त्याच्यापुढं राव लावलं.

"बसा आता," ते म्हणाले. "दमला आसाल."

गावात राव कुणाच्या नावाला लागतं आणि कुणाच्या नाही, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या आजोबांच्या नावाला ते कधी लागलं नाही. आण्णांच्या नावाला लागलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आण्णा त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिले. मग त्यांनीही त्याचं नाव घेतलं, राव लावून, आणि म्हणाले, "आधी तुमी बसा."

कुणीच बसेना. दोघंही तसेच उभे राहिले, एक स्टेजवर, एक खाली, आणि मी भरल्या हॉलमध्ये तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडले.