भाऊजींचा फुकट सल्ला

गाण्यांच्या हक्कांचे खटले लढवणाऱ्या त्या वकिलाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तो ते अभिमानाने सांगायचा. खाटकाने बोकडाला नाव ठेवू नये, असं त्याचं म्हणणं. त्याचं ऑफिस वाद्यदुरुस्तीच्या दुकानावर होतं. खालून दिवसभर एकच स्वर घासल्यासारखा वाजायचा. अशील कासावीस व्हायचे, हा मजेत फायली चाळायचा. अशिलाच्या खुर्चीचे पाय त्याने दोन बोटं कापून घेतले होते. त्यात बसलेला माणूस आपोआप विनवणीच्या उंचीवर येई.

"गाण्याला तीन मालक," तो नव्या अशिलाला सांगायचा. "शब्दांचा एक, चालीचा एक, रेकॉर्डचा एक. तिघं भांडायला लागले की चौथा मी."

नातेवाइकांकडून मात्र तो फी घेत नसे. सगळ्या कुटुंबात त्याचं केवढं कौतुक.

एका दुपारी त्या बुटक्या खुर्चीत त्याची थोरली वहिनी येऊन बसली. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी घरी मुलींना गाणं शिकवून दिवस काढत होती. तिची एक जुनी शिष्या हसत हसत सांगून गेली होती, बाई, मी जाहिरातीत गायले, तुमचीच अंगाईची चाल, शब्द तेवढे बदललेत. जाहिरात ढेकणांच्या औषधाची. टीव्हीवर लागायची अजून बाकी होती.

ती अंगाई कुठे जुळली, हे दिराला चांगलं ठाऊक होतं. पुतणी हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती, सुयांच्या धास्तीने तिला झोप लागत नसे, आणि वहिनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरून रोज एखादी ओळ बसवायची. हा डबा घेऊन जायचा. दाराशी उभं राहून त्याने ती अर्धीमुर्धी असतानाही ऐकली होती. आज ते सांगू शकेल असं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"मला पैसे नकोत, भाऊजी," वहिनी म्हणाली. "फक्त थांबवा ते. माझ्या पोरीला झोपवलंय मी त्याच्यावर. ढेकूण नका मारू म्हणावं."

भाऊजींनी तिला चहा पाजला. जाहिरातीला चाल देणाऱ्या रेकॉर्ड कंपनीची माणसं ओळखीतली आहेत, म्हणाले, घरातल्या घरात मिटेल. त्या कंपनीचे सल्लागार आपणच, हे सांगायचं राहून गेलं.

कंपनीकडे ती चाल गेली होती तीही त्यांच्याच हातून. वहिनीच्या गुरू, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या वारल्यावर त्यांच्या भाच्याने त्यांच्या झाडून सगळ्या चाली कंपनीला विकल्या होत्या; कागद भाऊजींनीच केले होते. शोकसभेत वहिनीने अंगाई म्हटली, तिचं रेकॉर्डिंग झालं, तेही त्याच गाठोड्यात गेलं. कारण मोठ्या बाईंच्या वर्गाची रीतच तशी होती. शिष्येने स्वतः काही रचलं तरी चारचौघांत म्हणायचं, बाईंचं आहे. 'माझं' म्हणणारीला मोठ्या बाई महिनाभर मागच्या रांगेत बसवत.

कंपनीच्या जिन्यात भाऊजींनी तिची पिशवी स्वतः धरली आणि हळूच समजावलं, वर्गात सांगता तसंच इथेही सांगा. माझं माझं केलं की लोभी समजतात. नमून बोललात तर ऐकतील.

मॅनेजर फार सौजन्याने वागला. बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल ना, हेसुद्धा विचारलं. मग म्हणाला, "ही चाल कोणाची, बाई?"

वहिनी ताठ बसली. "माझं काय असणार? जे आहे ते मोठ्या बाईंचं. मी नुसता गळा."

मॅनेजरने यंत्र बंद केलं. "मग प्रश्नच मिटला. मोठ्या बाईंच्या चाली आमच्याकडेच आहेत."

वहिनीला कळायला थोडा वेळ लागला. "अहो, ती म्हणायची रीत असते. चाल मी केलीय. भाऊजी, तुम्ही होतात ना तिथे? डबा आणायचात. सांगा ना त्यांना."

भाऊजींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"वहिनी, तुम्ही काहीतरी गुणगुणत होतात, एवढं आठवतं. त्यातलं मला काय कळणार? पण गेलेल्या गुरूच्या चालीवर असा डल्ला मारणं तुम्हाला शोभत नाही."

टॅक्सीचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

जाहिरात लागली आणि आठवड्याच्या आत वहिनीच्या वर्गातल्या लहान मुली ढेकणांचं गाणं म्हणत जिना चढू लागल्या. तिच्या डोक्यात आलं, निदान या पाच-सहा तोंडांत तरी खरे शब्द बसवू. पण आता तिला स्वतःच्या घरातही धाकधूक वाटत होती. तिने भाऊजींना फोन लावला. वर्गात शिकवली तर चालेल का?

"घरात एकट्याने म्हणा की खुशाल," भाऊजी म्हणाले. "वर्ग म्हणजे फी आली, वहिनी. परवानगी लागणार. मी घेऊन देतो, घरचंच काम आहे. अर्ज पाठवतो, सही तेवढी करा. चाल मोठ्या बाईंची, असं लिहून द्यावं लागेल फक्त."

मुली वह्या उघडून तिच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.

"पाठवा," वहिनी म्हणाली.