पंगतीमागचा एक माणूस

भातकुलीच्या एका लग्नात मी तो माणूस पाहिला. नाव विचारायचं राहूनच गेलं. खांद्यावर दुपट्टा, हातात वरणाची बादली आणि चाल अशी, की याची वरात अजून संपलेलीच नाही. मी मात्र तोंड पाडून जेवत होतो. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यासाठी मी वेबसाइट केली होती आणि तिचं एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. दाखवायच्या वीसच साड्या, पण 'एकूण किती' हे सांगायला डेटाबेस दर वेळी सगळा साठा मोजत बसायचा. सोमवारी ती मालकांना दाखवायची होती.

तेवढ्यात नवरीचे मामा ओरडले, "जेवाचे किती लोक रायले, ते मोज आधी."

"मोजत बसलो तं वरन थंडं होते नं, मामाजी," तो वाढता वाढताच म्हणाला. "मले एवढंच पायजे, पंगतीमागं एक तरी मानूस उभा हाये का?" त्याने मान वळवली. जागा धरून कोणीतरी उभं होतंच. तो खूश होऊन आचाऱ्याला म्हणाला, "अजून एक पंगत."

मी भाजीचा घास तसाच धरून हसत सुटलो.

घरी येताच मोजणी काढून टाकली. डेटाबेसकडून विसाऐवजी एकवीस साड्या मागवल्या. एकविसावी आली तरच 'पुढे' हे बटण दाखवायचं. एकूण आकड्यासाठी वेगळं बटण ठेवलं, ज्याला हवा त्याने थांबावं. पान टिचकीसरशी उघडलं.

सोमवारी मालकांनी विचारलंच, "पन एकूण किती?"

"जेवा नं भाऊ," माझ्या तोंडून निघून गेलं, "थंडं होते."