झेंडा चढताना की उतरताना

खातूनबी मणेरणीला ओळखत नाही असं घर भद्रकालीत नव्हतं, पंचवटीतही नव्हतं. दोरीत ओवलेल्या बांगड्या खांद्यावर टाकून ती दारोदार फिरायची. एकदा बाईचा हात हातात घेतला की त्याचं माप जन्मभर विसरायची नाही. तिच्या जिभेला हाड नव्हतं, हे तिची गिऱ्हाइकं कौतुकाने सांगत आणि तिचा नवरा कपाळाला हात लावून सांगे. अशा बाईला तेहतीस सालच्या उन्हाळ्यात एका कागदाने रडकुंडीला आणलं.

तिची मुलगी सुरय्या मराठी चौथी पहिल्या नंबराने पास झाली होती. पुढे इंग्रजी शिकायचं तर मुलींची शाळा होती ती खाजगी, आणि तिथली फी टांगेवाल्याच्या मुलीसाठी नव्हती. पण सरकारने मुसलमान मुलींना त्या शाळेत जाता यावं म्हणून एक स्कॉलरशिप ठेवली होती. अख्ख्या जिल्ह्याला एक. अट एवढीच की एक जूनला मुलीचं वय बाराच्या आत पाहिजे. स्कॉलरशिप नाही मिळाली, तर विंचूरच्या आत्याने आपल्या मुलासाठी मागणी घालून ठेवलेलीच होती.

शिक्षणखात्याच्या कचेरीत रंगनाथपंत कारकुनांनी विचारलं, "जन्म कधीचा?"

"सिंहस्थातला," खातूनबी म्हणाली.

यात तिचं काय चुकलं? नाशकात माणसं असंच सांगतात. कुणाचं लग्न सिंहस्थात, कुणाचा म्हातारा सिंहस्थाआधी गेला. त्या साली बांगड्या विकून विकून तिचे खांदे सोलले होते, ती कशी विसरेल? पंतही नाशिकचेच. त्यांनी मान डोलावली आणि रामकुंडावर सिंहस्थाचा झेंडा चढला तो दिवस, वीस सालचा, जन्मतारीख म्हणून लिहून टाकला. मग बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "बाराच्या वर जाते. अर्ज बसत नाही."

आता सिंहस्थ काय एका दिवसाचा असतो? वर्षाहून जास्त चालतो. सुरय्या जन्मली ती झेंडा उतरायला थोडेच दिवस राहिले होते तेव्हा. खातूनबीने हे सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं.

"शाईने लिहिलंय," पंत म्हणाले. "बदलायचं तर पुरावा आणा."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सुरय्याचा जन्म विंचूरचा. खातूनबी विंचूरला गेली. तिथल्या पाटलाच्या दप्तरात त्या साली जन्मलेल्या म्हशींचासुद्धा पत्ता लागला असता, पण मुलगी जन्मली म्हणून कुणी लिहून ठेवलं नव्हतं. सुईण मरून गेली होती. कचेरीत परत यावं तर पंत जेवायला गेलेले, नाहीतर साहेब दौऱ्यावर. तिचा नवरा निसार टांग्याच्या घोड्याला चारा घालता घालता म्हणायचा, "होईल गं, सरकारी काम आहे."

"सरकारी कामाला सहा महिने थांबायचं असतं हे मलापण ठाऊक आहे," ती म्हणाली. "पोरीचं वय थांबतंय का?"

अर्ज पोचवायला दोनच दिवस उरले होते. तिने बांगड्यांची दोरी दारामागे फेकली, भिंतीला पाठ लावून बसली आणि पंतांना, सरकारला, विंचूरच्या पाटलाला एकेक करून शिव्या दिल्या. पंतांपाशी आली तेव्हा त्यांची बायको वत्सलाबाई आठवली. काय गोरे, नरम हात त्या बाईचे, आणि नवरा असा. बांगड्या भरताना कधी एक फुटली नव्हती. डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरला तेव्हासुद्धा...

खातूनबी उठून उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विंचूरपर्यंत पाय तोडत गेली होती आणि पुरावा पंतांच्याच घरात जेवत होता.

ती बांगड्या घेऊन पंतांच्या घरी पोचली तेव्हा पंत ओसरीवर पान लावत होते. वत्सलाबाईंनी हात पुढे केला तसा खातूनबीने तो दाबून धरला, पण बांगडी भरली नाही.

"वहिनी, तुमच्या थोरल्याच्या वेळी सातव्यात हिरवा चुडा कुणी भरला होता?"

"तूच की. तूसुद्धा तेव्हा सातव्यातच होतीस. वाकता येईना तुला. मी म्हटलं, बघू कोण आधी बाळंत होतंय." वत्सलाबाई हसल्या. "दुसऱ्याच दिवशी तू माहेरी गेलीस."

"मग थोरल्याची पत्रिका आणा."

ओसरीवरचा अडकित्ता थांबला. वत्सलाबाईंनी पत्रिका आणून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. एकवीस साल, जुलै महिना. म्हणजे एक जूनला बारा पुरी व्हायला अजून महिना बाकी.

"मुलाची पत्रिका म्हणजे मुलीचा पुरावा नव्हे," पंत म्हणाले.

"अहो, मी साक्ष देते," वत्सलाबाई म्हणाल्या. "तिचं पोट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही काय पाहिलंत? झेंडा."

पंतांनी पान न खाताच बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी वत्सलाबाईंची लेखी साक्ष अर्जाला जोडली, जुनी तारीख खोडली आणि नवी लिहिली. सुरय्याने ती वाचून दाखवली. खातूनबीने पुन्हा वाचायला लावली, मग आणखी एकदा. तिचा राग अजून गेला नव्हता. एवढीशी ओळ, आणि तिच्यापायी दोन महिने पायाचे तुकडे पाडून घेतले.

"खाली पालकाचा अंगठा," पंत म्हणाले. "आणि वय. तुमचं वय किती?"

खातूनबीने बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. अख्ख्या गावातल्या पोरांचे महिने तिला पाठ होते. स्वतःचा महिना तिला कुणी सांगितला नव्हता आणि तिनेही कधी विचारला नव्हता.

"माझं कुणी विचारलंच नाही, साहेब," ती म्हणाली.

पंत टाक हातात धरून थांबले. मग सुरय्याने आईच्या तोंडाकडे बघितलं, त्यांच्या हातातून टाक घेतला आणि अंदाजाने लिहिलं, तीस.