लेओन्सिओचा बेडूक

लेओन्सिओ आज आमच्या तोरो गावात वकिली करतो. पोट सुटलंय, टक्कल पडलंय, आणि द्राक्षमळ्यांच्या कुंपणावरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांशी तो इतक्या सावकाश बोलतो की दोघंही कंटाळून समेट करतात. हा माणूस एके काळी डोळ्यांना फडकं बांधून सालामांकाच्या भर रस्त्यातून चालला होता, हे सांगूनही कोणाला पटत नाही. अहो, मी होते ना! हात धरून मीच चालवत होते.

तेव्हा आम्ही तिघं वायादोलिदला कायदा शिकत होतो. मी, फेर्मिन आणि लेओन्सिओ. फेर्मिनशी पुढे मी लग्न केलं, ती वेगळी कर्मकहाणी. लेओन्सिओ तसा हुशार. पण खटल्याच्या कामकाजाचा एक पेपर होता, त्यात तो पाच वेळा आपटला होता. प्रश्नपत्रिका हातात आली की ह्याची दातखीळ बसायची. आता सहावा प्रयत्न, म्हणजे शेवटचा. ह्यात गेला की विद्यापीठ कायमचं बाहेर काढणार, आणि गावात त्याचा सातुरिओ मामा टायरच्या दुकानात वाट बघतच होता. मामानं त्याच्यासाठी निळा डगला शिवून ठेवला होता, छातीवर नाव भरतकाम करून! भाचा नापास होण्याची इतकी जय्यत तयारी करणारा मामा मी दुसरा पाहिला नाही.

पेपर सोमवारी होता. शनिवारी सकाळी फेर्मिन म्हणाला, "चला, सालामांकाला जाऊ. ह्याला बेडूक शोधू दे."

बेडूक म्हणजे काय, तर तिथल्या जुन्या विद्यापीठाच्या दारावर दगडात नक्षीच नक्षी कोरलीय, आणि तिच्यात कुठेतरी एवढासा बेडूक बसलाय. ज्या विद्यार्थ्याला तो स्वतःचा स्वतः दिसतो, तो पास. कोणी सांगितलं, नुसतं बोट जरी दाखवलं, तर सगळं मुसळ केरात. आम्ही सगळे पहिल्याच वर्षी जाऊन आलो होतो. एकटा हा राहिला होता. का? तर म्हणे, अभ्यास आहे.

पंचाईत अशी की सालामांकात दुकानादुकानात बेडूक. चॉकलेटचे, साबणाचे, किल्ल्यांना लटकवलेले, आणि वर चित्रांची कार्डं, त्यांत जागेसकट सगळं उघड. म्हणून बसमधून उतरल्या उतरल्या मी माझा गळ्यातला रुमाल काढला आणि त्याच्या डोळ्यांवर करकचून बांधला.

"नीएवेस, नाक दाबलं जातंय."

"तोंडानं घे श्वास. वकील व्हायचंय ना?"

आमच्याकडे लॉटरीची तिकिटं आंधळी माणसं विकतात. दहा पावलं गेलो नाही तोच एका बाईनं लेओन्सिओला अडवलं आणि विचारलं, "बाळा, शेवटी पाच येणारं तिकीट आहे का रे?" तो म्हणाला, "नाही हो मावशी, मी विद्यार्थी आहे." बाईचे डोळे भरून आले. "देवा रे, असं असून शिकतोस!" म्हणाली आणि त्याचे गाल कुरवाळले. फेर्मिन भिंतीला टेकून हसत होता, नालायक.

विद्यापीठासमोरच्या चौकात पोचल्यावर रुमाल सोडला. लेओन्सिओनं दाराकडे पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. राजे, राण्या, सिंह, कवट्या, पानं, पंखवाली गुटगुटीत बाळं, बोटभर जागा मोकळी सोडली असेल तर शपथ.

तेवढ्यात आले मेलितोन आजोबा. डोक्यावर चपटी गोल टोपी, हातात काठी. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून रोज त्या चौकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बेडूक दाखवायचे. कोणी नेमलं नव्हतं, स्वतःच स्वतःला नेमून घेतलेलं.

"बेडूक ना? तो बघा, तिथे त्या..." काठी वर गेली.

माझ्या हातात होर्नासो होता, सॉसेज आणि हॅम भरलेली जाड खमंग रोटी. मी त्यातला मोठा तुकडा सरळ आजोबांच्या तोंडात कोंबला. ते चावत असताना त्यांना सगळं समजावून सांगितलं. शेवटचा प्रयत्न, मामा, डगला.

आजोबांनी घास गिळला. "पोरी, म्हणजे मी इथे उभा राहून गप्प बसू?"

"हो आजोबा."

"हे होणार नाही माझ्यानं!"

पण गप्प राहिले बिचारे. काठी दोन्ही हातांत गच्च धरून, चेहरा लालबुंद करून. लेओन्सिओ उजवीकडे वळला की आजोबांचा श्वास वाढायचा, डावीकडे वळला की कण्हायचे, म्हणून मी त्यांना पाठमोरं उभं केलं. मला स्वतःला तर घाम फुटला होता. माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या तोरोला ठाऊक आहे. नाकासमोर उत्तर आहे आणि बोलायचं नाही! मी तोंडात होर्नासो भरत राहिले. तासाभरानं तोही संपला.

आणि एकदम लेओन्सिओ बोंबलला, "सापडला! सापडला!" वरच्या घंटेजवळचे करकोचे उडाले. "तो बघा, डावीकडे, खाली, पाठ फुगवून बसलाय!"

आम्ही पाहिलं. तो एका दगडी बाळाचा गुडघा होता.

फेर्मिननं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. लेओन्सिओ नाचत होता, परक्या पाहुण्यांना मिठ्या मारत होता.

"अगं, तो गुडघा आहे," फेर्मिन कुजबुजला.

"दिसतंय मला."

"मग सांगूया ना."

"सांगितलं की खरा बेडूकही हातचा गेला. नाही सांगितलं तर..."

"तर काय?"

"तर गुडघ्यावर होईल पास! गप्प बस."

मेलितोन आजोबांना मात्र झटका आल्यासारखं झालं. "गुडघा? माझ्या चौकात गुडघा?" आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि समोरच्या बारमध्ये नेलं. वाईन पाजली, ऑलिव्ह चारले, मेरी मातेची शपथ घातली. थोड्या वेळानं लेओन्सिओ मोरीला गेला, मागोमाग आजोबाही गेले. म्हाताऱ्या माणसाला अडवणार कसं? परत आले ते अगदी शांत, हलके होऊन, आणि सगळ्यांच्या वाईनचे पैसे त्यांनीच दिले. मला वाटलं, वयाचा त्रास असतो बाई, मोकळं झालं की बरं वाटतं.

परतीच्या बसमध्ये लेओन्सिओनं जे पुस्तक उघडलं ते वायादोलिद येईपर्यंत मिटलं नाही. "बघ, बेडकाची जादू," मी फेर्मिनला म्हणाले. सोमवारी तो पेपरला गेला, आणि पास झाला. चांगले गुण पडले मेल्याला! मामानं डगल्यावरचं नाव उसवून तिथे दुसऱ्या भाच्याचं घातलं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात लेओन्सिओ आपल्या बेडकाची गोष्ट सांगतो, आणि आम्ही नवराबायको मान डोलावतो. एकदा न्हाव्याच्या दुकानात खऱ्या बेडकाचं कॅलेंडर लागलं होतं. फेर्मिननं ते भिंतीकडे तोंड करून टांगलं. इतकी वर्षं मी हे पोटात ठेवलं. मी!

यंदा माझी मुलगी हिमेना सालामांकाला शिकायला गेली. लेओन्सिओकाका गाडीतून सोडायला गेला होता. ख्रिसमसला घरी आली तेव्हा माझ्याबरोबर कांदा चिरता चिरता म्हणाली, "आई, काकांचा बेडूक म्हणजे गुडघा आहे."

सुरी माझ्या हातातून पडली. "हळू बोल! त्याला कळता कामा नये."

"त्यांनीच सांगितलं. त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. त्या बारच्या मोरीत एका आजोबांनी कानात सांगितलं म्हणे. बेडूक तर गेला, आता पुस्तकाशिवाय कोणी नाही, म्हणून वाचत सुटले."

मी खुर्चीवर बसले. "मग मेला बोलला का नाही आजवर?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, तुझी आई माझ्यासाठी गप्प बसली होती गं. तुझी आई! तिला काय यातना झाल्या असतील विचार कर. ते वाया कसं घालवू?"

मी कांद्याकडे बोट दाखवलं आणि डोळे पुसले.

रविवारी चर्चमधून निघून सगळे बारमध्ये जमलो. लेओन्सिओ नव्या डॉक्टरला बेडकाची गोष्ट सांगत होता. "डावीकडे, खाली, पाठ फुगवून..." म्हणाला आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. "हो की नाही नीएवेस?"

फेर्मिननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्याला बिचाऱ्याला अजून काही माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणाले, आणि तोंडात ऑलिव्ह टाकला.