आतोबांची जीभ

तंजावर जिल्ह्यातल्या समस्त विहिरी कुणाला भीत असतील, तर त्या आमच्या आतोबांना. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले आणि पाण्याच्या चवीत गढलेले. लग्नाच्या पंगतीत लोक आधी पायसमकडे बघतात, आतोबा टंबलरकडे बघत. घोट तोंडात घोळवून, डोळे मिटून निकाल देत, 'पापनाशमचें पाणी. वाटेत प्लॅस्टिकच्या ड्रमांत राहिलें.' आणि यजमानानं कबूल करेपर्यंत पानाला हात लावत नसत. तिरुवैयारूच्या एका घरी त्यांनी सांबाराला नावं ठेवली नाहीत, विहिरीला ठेवली. त्या घरची बाई अजून आत्याशी बोलत नाही. आत्या अधूनमधून कॉफीत गुपचूप नळाचं पाणी घालून पाही आणि दर वेळी पकडली जाई. 'तुज किती वेळा सांगटलों,' आतोबा म्हणत, 'माझी जीभ झोंपत नाही.'

त्यांची एकुलती लेक दिली धर्मपुरीकडच्या कोरड्या मुलखात. नातीच्या बारशाला आतोबा गेले ते खरं तर पाणी तपासायला. त्या घरी पाणी दोन तऱ्हेचं. नळाला दुरून आलेलं नदीचं, त्याला ब्लीचिंग पावडरचा वास. आणि अंगणातल्या खोल बोअरचं, गार, नितळ. आतोबांनी दोन्ही चाखली आणि लेकीला बजावलं, 'पोरीस बोअरचेंच द्यायचें. तें औषधाचें पाणी नको.' लेकीनं वडिलांचा शब्द पाळला.

नातीचे दुधाचे दात पडून नवे आले, ते खडूसारखे पांढरे ठिपके आणि तपकिरी पट्टे घेऊन. घरच्यांनी आधी पेस्ट बदलली, मग चॉकलेट बंद केलं. सुट्टीत पोर तंजावरला आली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं ते पाण्याचं. खडकातलं फ्लोराईड बोअरच्या पाण्यात उतरतं, त्या म्हणाल्या. हे डाग आता घासून जायचे नाहीत, पण ते पाणी आजच बंद करा, पुढे हाडांत शिरलं की गुडघे आणि पाठ धरते.

'पण चवीला तर गोड होतें,' आतोबा म्हणाले.

'फ्लोराईडला चवही नसते आणि वासही नसतो, सर.'

आतोबा खुर्चीतून उठेचनात. मी दंडाला धरून त्यांना रिक्षात बसवलं. इतकं वाईट मला त्यांच्यासाठी कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून पंगतीत ते मिळेल ते पाणी उघड्या डोळ्यांनी पितात. आत्या कॉफीत कुठलंही पाणी घालो, कुणी तिला पकडत नाही, आणि त्यामुळे बिचारीला करमत नाही. लेकीकडे बोअरचं पाणी आता धुण्याभांड्यापुरतं. 'अप्पा, तुम्हांस काय ठाऊक होतें?' लेक म्हणते.

पोर हसताना तोंडावर हात धरते. शाळेत कुणीतरी काही बोललं असणार. सुट्टीत आली की आतोबा तिला मोपेडवर मागे बसवून कालव्याच्या कडेनं हिंडवतात, आणि मुद्दाम खड्डे शोधून काढतात, म्हणजे तिला दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरावी लागते. मग त्यांच्या नकला सुरू होतात. म्हाताऱ्या कंडक्टरच्या नकलेला तर पोर खिदळते.

इतकी वर्षं त्या मोपेडला आरसा नव्हता; आता एक बसवला आहे. परवा मी गाडी न्यायला गेलो तर त्यात रस्ता दिसेचना, नुसती मागची सीट दिसत होती. मी आरसा नीट करायला गेलो, तर आतोबांनी माझा हात धरला.

'असूं दे तसाच,' ते म्हणाले. 'ती हसली की दिसते त्यांत.'