लांब बाह्यांचं पोलकं

आईला हात झाकायला मीच लावलं होतं. मुलीच्या साखरपुड्याला पुण्याचे पाहुणे यायचे होते, आणि आईच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं तुळशीवृंदावन, ठिपके, तिच्या भावाचं नाव मला एकाएकी गावठी वाटलं. "आई, लांब बाह्यांचं पोलकं शिवून घे. पाहुण्यांना असलं आवडत न्हाई," म्हणालो.

"लई वंगाळ दिसतंय व्हय रं?" एवढंच तिनं विचारलं.

त्यानंतर तिनं लांब बाह्या सोडल्याच नाहीत. मी परदेशी निघालो तेव्हाही धारूरच्या स्टँडवर ती भर उन्हात त्याच पोलक्यात उभी होती. निरोपाला एक हात वर केला आणि दुसऱ्या हातानं त्याची बाही खाली ओढून धरली. एसटी घाट उतरली तरी मला तेच दिसत होतं.

आता इस्रायलमध्ये, हैफा शहरात, सहावं वर्ष. नव्वदी ओलांडलेल्या रिव्काबाईंची आंघोळ, औषधं, व्हीलचेअर माझ्याकडे आहे. मी त्यांना सावता म्हणतो, म्हणजे आजी. शब्बातच्या, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या शनिवारी दुकानं बंद, बस बंद. आम्हा दोघांकडे कोणी येत नाही.

पहिल्याच आंघोळीला त्यांच्या हातावर निळसर आकडे दिसले. मी मोडक्या हिब्रूत हसून म्हणालो, "माझ्या आईलाही आहे. तुम्हीपण जत्रेत गोंदलं का?"

"जत्रेत नाही," त्या म्हणाल्या. मग सांगितलं. चौदाव्या वर्षी नाझींनी त्यांना हंगेरीतून आगगाडीत कोंबून छळछावणीत नेलं. उतरताच त्यांची आई एका रांगेत, या दुसरीत. यांच्या हातावर नंबर आला. आईला नंबर दिलाच नाही, कारण तिची रांग थेट मरणाकडे गेली. युद्ध संपल्यावर त्या गावी परतल्या, तर घरात भलतंच कुटुंब राहत होतं. दार उघडणाऱ्या बाईच्या अंगावर यांच्या आईचा एप्रन होता.

परवा सावता म्हणाल्या, "तुझ्या आईचं गोंदण दाखव." मी मोबाइलमधले सगळे फोटो चाळले. एकातही हात उघडा नव्हता. शेवटी खरं कारण सांगावं लागलं.

"मी माझा हात कधी झाकला नाही," त्या म्हणाल्या. "गुन्हा माझा नव्हता. तुझ्या आईनं काय केलं होतं?"

काल शनिवारी व्हिडिओ कॉल लावला. "आई, बाही वर कर."

"आता कावून रं?"

"सावतांना बघायचंय."

तिनं बाही हळूहळू दुमडली. गोंदण फिकं झालंय, कातडी सैल पडलीय. सावता स्क्रीनपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "याफे." सुंदर. मी आईला सांगितलं.

आई हसली. "बघ. पुण्याच्या पाहुण्यांस्नी आवडत न्हाई म्हनलातास, आन् ह्या म्हातारीला आवडलं."

"पाहुणे काय म्हणले नव्हते, आई. त्यांना ठावबी नव्हतं. मलाच लाज वाटलती. चुकलं माझं."